रुमालाबाहेरचा भाव

१८ ऑक्टोबर १९५६, जुन्नर

जलालनं घोटलेल्या कागदाचे शेवटचे दोन दस्ते पेटीत पडून होते. आज दोऱ्यानं शिवून त्यांची वही केली. दोन वर्षं नुसते जपले. आज मला एवढा राग आलाय की तो कुठेतरी ठेवायलाच हवा, आणि नवऱ्याच्या कागदाइतकी हक्काची जागा दुसरी नाही.

सकाळी दिलावर भाईजान आले होते, जलालचे थोरले भाऊ. कागदाचे हौद, साचे आणि मागची मोकळी जागा विकून माझ्या हाती अकराशे रुपये आलेत, हे त्यांना अर्थातच ठाऊक आहे. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "जैबू, बाईमाणसाकडं एवढी रक्कम म्हणजे उघडं ठेवलेलं दूध. मांजर येतंच."

मी म्हटलं, "मांजराला सांगा, बाई जागी आहे."

ते हसले नाहीत. पैसे त्यांच्या कापडाच्या दुकानात घालायचे, आम्ही दोघींनी त्यांच्या घरी राहायला जायचं, आणि माझ्या लेकीची, इशरतची, शाळा आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. पोर पंधराची झाली, नववीत आहे, आणि त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा लग्नाचा आहे. इशरत दाराआड उभी होती. तिनं हातातलं भूगोलाचं पुस्तक मिटलं तेवढं मला ऐकू आलं.

तेव्हा मी बोलून गेले. म्हटलं, रमजानच्या ईदेपर्यंत थांबा. ही रक्कम मी माझ्या अकलेनं कामाला लावते. ईदेला मुद्दलात एक रुपया जरी कमी भरला, तर तुम्ही म्हणाल तसं. मुद्दल शाबूत राहिलं तर इशरत मॅट्रिक होईपर्यंत या घरात लग्नाचा शब्द काढायचा नाही.

ते इतक्या चटकन कबूल झाले की बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण आता माघार घेणारी मी नव्हे.

२३ ऑक्टोबर

पाच दिवस गावभर विचारत फिरले, की पैसा ठेवावा कुठं. प्रत्येकाला वाटतं, आपण उभे आहोत तीच जागा भक्कम.

सोनार म्हणतो सोनं. घ्यायला जावं तर मजुरी, मोडायला जावं तर घट, आणि दोन्ही वेळा तोच हसतमुख. इशरतच्या कानात असू दे, पण ईदेपर्यंत सोनं काही पिलं घालणार नाही.

पोस्टमास्तर सावळाराम यांनी सरकारी सर्टिफिकेटं पुढं केली. बारा वर्षांची मुदत, देशाच्या योजनेला हातभार, सरकार बुडत नाही. बोलतात फार गोड. पण मला बारा वर्षं नाहीत, साडेसहा महिने आहेत. शिवाय त्यात व्याज. जलालनं उभ्या जन्मात सुदाचा पैसा घेतला नाही. मला स्वतःला ते कधी पटायचं, कधी नाही. पण तो गेल्यावर त्याच्याच कागदावर व्याज लिहायला हात होत नाही.

मास्तर म्हणाले, "मग धंदा करा. त्यात नफा हलाल, आणि नुकसानही तुमचंच."

टोमणा होता. मी तो सल्ला म्हणून घेतला.

२९ ऑक्टोबर

पिंपळवंडीचे सयाजीराव स्वतः घरी आले. डोक्याला नवा फेटा. दोन एकर जमीन द्यायची म्हणाले, चालू भावाच्या निम्म्यात. क्षणभर माझे डोळे फिरले. मग विचारलं, "एवढी स्वस्त का हो?"

"अडचन हाय, बाई. घरचीच मान्सं समजून देतोय."

"सध्या कसतं कोण?"

ते उपरण्यानं तोंड पुसायला लागले. मी पुन्हा विचारलं. कूळ कसतंय, बारा वर्षं. म्हणजे येत्या एक एप्रिलपासून कुळकायद्यानं ती जमीन कुळाची होणार आणि मी कागद छातीशी धरून बसणार. सयाजीरावांना म्हटलं, तुमची अडचण मला कळली, ती माझ्या घरी ठेवून जाऊ नका.

ते गेल्यावर इशरतनं विचारलं, "अम्मी, स्वस्त ते वाईटच असतं का?"

चांगला प्रश्न होता. रात्रभर तोच डोक्यात. उत्तर असं सुचलं: स्वस्त दिसलं की त्याचं कारण शोधावं. मग बघावं, ते कारण जाणारं आहे का राहणारं. जमिनीचं राहणारं होतं, कायदा काही परत जात नाही. जाणारं कारण असलेलं काहीतरी मला सापडायला हवं.

७ नोव्हेंबर

सापडलं बहुतेक.

डोंगरातला हिरडा यायला लागलाय. आहुपे, भीमाशंकराच्या अंगाची माणसं तो वेचून वाळवतात, घोडेगावला आणि इथं आणून विकतात. इथून मुंबई, मुंबईहून बोटीनं विलायत. तिकडं कातडी कमवायला लागतो. दरसाल मणाला दहा रुपयांच्या आसपास भाव असतो. आज बाजारात पाच. आणि पाचालाही कुणी हात लावेना.

गेणभाऊ दलालांना विचारलं. मुंबईच्या एका पेढीसाठी तेच माल उचलतात. म्हणाले, "वैनी, सुएझचा कालवा बंद पडला. बोटीच जात न्हाईत. पेढीची तार आली, एक पोतं उचलू नका म्हनून."

कालवा बंद. माझ्या तोंडावर हसू आलं असावं, कारण ते माझ्याकडं विचित्र बघायला लागले. अहो, मी प्रवरेच्या कालव्यावर वाढले! माझे अब्बा पाटकरी होते, चाळीस वर्षं त्यांनी दारं उघडली आणि लावली. कालवा बंद होणं ही काय बातमी आहे? पाळी संपली की बंद. गाळ काढायचा असला की बंद. दरवेळी खालचे बागाईतदार छाती बडवतात की झालं, आता पाणी कायमचं गेलं. दरवेळी चैत्राच्या आत गाळ निघतो आणि पाणी सुटतं. अब्बा म्हणायचे, तेवढे दिवस ज्यानं ऊस जगवला तो जिंकला.

थेट पोस्टात गेले आणि मास्तरांना विचारलं, सुएझच्या कालव्याचा पाटकरी कोण, आणि गाळ काढायला किती दिवस धरलेत.

सावळाराम मास्तर इतके हसले की शिक्का खाली पडला. मग पेपर उघडून त्यांनी मला समजावलं. हा उसाचा कालवा नव्हे. या समुद्रातून त्या समुद्रात जायचा रस्ता. तिथं लढाई झाली आणि मिसरवाल्यांनी जहाजं बुडवून वाट अडवली. आता बोटींना आख्ख्या आफ्रिकेला वळसा. भाडं वाढलं, म्हणून माल नको.

मला शरम वाटली, खोटं कशाला लिहू. कानापर्यंत तापले. पण उठता उठता म्हटलं, "मास्तर, बुडालेली जहाजं म्हणजे गाळच की. काढावाच लागणार."

ते म्हणाले, "कधी?"

म्हटलं, "ज्यांची पोटं त्या कालव्यावर आहेत, ते बंद राहू देतील का?"

मास्तरांनी पडलेला शिक्का उचलला.

१६ नोव्हेंबर

ठरलं. हिरडा. भाईजानांना सांगितलं तर म्हणाले, "बाजारात कुणी हुंगून बघेना ते तू घेणार?" मग इशरतच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. तो हात मला आवडला नाही.

जलालची कागद वाळवायची खोली रिकामीच आहे. भिंती चुन्यानं घोटलेल्या, आरशासारख्या. ओल नाही की घूस नाही. कागदाला जपलेल्या खोलीत हिरडा मजेत राहील.

२ डिसेंबर, घोडेगावहून परत

आजचं अपमानाचं लिहून टाकते म्हणजे झोप लागेल.

इथं भाव कसा करतात ते मला ऐकून माहीत होतं, पाहून नव्हतं. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. याला हत्ता म्हणतात. तोंडानं एक अक्षर नाही. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही कोणी किती दिले. डोंगरातून बारा कोस चालत आलेल्या माणसाच्या हातात शेवटी जे पडतं, ते पदरी पडलं पवित्र झालं.

मी गेल्यावर एकानं आपला रुमाल झटकला आणि म्हणाला, "या बाई, धरा हात." सगळे खदाखदा हसले. परक्या पुरुषाचा हात मी रुमालाखाली धरणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे माझ्यासारख्या बाईला धंद्यातून घालवायला दारावर कुलूप नको, एक रुमाल पुरे.

निम्म्या बाजारातून उलटी फिरले. मग काय झालं कुणास ठाऊक. मागं वळले, डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि मोठ्यानं म्हटलं, "जुन्नरची जैबुन्निसा कागदी. वाळलेला हिरडा, मणाला साडेपाच. रोख."

कुणी आपला माल माझ्याकडं आणला नाही. दलालांच्या भीतीनं सगळे खाली बघत होते. पण सगळ्यांनी ऐकलं. एका म्हातारीनं तर हातावरचा रुमाल काढून टाकला आणि दलालाकडं नुसती बघत राहिली.

९ डिसेंबर, शिनोली

घोडेगावात बसू देत नाहीत ना, मग मी घोडेगावच्या अलीकडं बसते. डोंगरातली माणसं शिनोलीवरूनच उतरतात. सोमाजी गाडीवान इथला. जलालचा कागदासाठीचा चिंध्यांचा माल वर्षानुवर्षं त्याच्याच गाडीनं यायचा. त्याच्या ओसरीवर तराजू टांगला. सोमाजी म्हणाला, "वैनी, लोक नावं ठिवत्याल." म्हटलं, ठेवू देत, तुझी गाडी रिकामी जाणार नाही हे बघ.

दुपारपर्यंत माशी फिरकली नाही. मग कालची ती म्हातारी आली. काल कसली, आठवड्यापूर्वीची. आहुप्याची ठमाबाई. मागं सहा बायका, डोक्यावर पाट्या. पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "पुन्यांदा बोल."

"काय?"

"भाव. त्या दिशी बोललीस तसा."

मी बोलले. तिनं पाटी उतरवली. मग तराजूच्या दोन्ही पारड्यांत रिकामा हात दाबून बघितला, माझं माप उचलून बघितलं, आणि म्हणाली, "दहाचा माल पाचाला का झाला, त्ये सांग आदी."

तिला कालव्याचं सगळं सांगितलं. बोटी, वळसा, विलायतेतली कातडी. बिचारीनं आहुप्याच्या पलीकडं घोडेगाव तेवढं पाहिलेलं. तोंड उघडं टाकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी पाट बंद हाय. कवा सुटंल?"

म्हटलं, चैत्रापर्यंत.

"न्हाई सुटला तर?"

म्हटलं, तर मी बुडाले.

ती मागं वळली. मग बायकांशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. सहापैकी तिघींनीच माल घातला. ठमाबाईनं स्वतःची निम्मी पाटी ओतली आणि निम्मी परत डोक्यावर घेतली. एवढा डोंगर परत चढायचा, आणि ओझं घेऊन! अडाणीपणाला औषध नाही.

१३ जानेवारी १९५७

दर बाजाराला शिनोली. आतापर्यंत दीडशे मणांच्या वर माल खोलीत आला. रोख उरले शंभरच्या आत. ठमाबाई दरवेळी येते, दरवेळी विचारते, "पाटाचं काय म्हनत्यात?" मी पेपरातलं सांगते. दरवेळी निम्माच माल घालते. मी म्हटलं, बाई, तुझा उरलेला हिरडा किडून जाईल. म्हणाली, "चुलीवरच्या माळ्याला ठिवलाय. धूर बसतुया, कीड न्हाई बसत."

तिला जास्त भाव द्यावा असं एकदा मनात आलं. कालवा उघडणार असं मला वाटतं, म्हणून मी घेते. मग ज्याच्याकडून घेते त्याला पूर्ण सांगून घेते का? सांगितलं तर आहेच सगळं. तरी तिच्या हातावर पैसे मोजताना मी तिच्या पायांकडं बघत नाही. टाचांना इतक्या भेगा आहेत.

एकदा तसं बोलून गेले तर म्हणाली, "तू बी व्यापारीच हायेस. फकस्त त्वांड हाय तुला."

मला राग यायला हवा होता.

१० फेब्रुवारी

वाईट दिवस. मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. जहाजं काढायचं काम चाललंय, पण वेळ लागणार. वर आणखी एक. विलायतेतले कातडीवाले म्हणे आफ्रिकेतल्या कुठल्याशा झाडाची साल वापरतात, हिरड्यावाचून त्यांचं अगदीच अडत नाही.

हे मला सुचलंच नव्हतं. कालवा उघडेल, पण तोवर त्यांची सवय मोडली तर? जाणारं कारण वाटलं तेच राहून गेलं तर? अब्बांच्या कालव्यावर उसाला दुसरं पाणी नव्हतं. माझा हिशेब अर्धा बरोबर होता आणि मी तो पूर्ण धरला.

बाजारात भाव साडेचार. आज विकलं तर दोनशेहून अधिक बुडतात आणि इशरत ईदेनंतर बोहल्यावर. घरी आले तर ती नकाशात आफ्रिकेचा किनारा गिरवत बसलेली. म्हणाली, "अम्मी, वळसा केवढा मोठा आहे बघ. तिकडून कुणी किती दिवस जाईल?" मी तिला रागावले, की दिवा लावून तेल का जाळतेस. नंतर तिच्या शेजारी बसून मीही तो किनारा बोटानं मोजला.

विकायचं नाही. घाबरून विकायला मला कुणाच्या सल्ल्याची गरज लागणार नाही, ते कधीही जमेल.

४ मार्च

भाईजान खोली बघायला आले. पोत्यांच्या थप्पीवर हात फिरवून म्हणाले, "जलाल असता तर असं करू दिलं असतं का?"

म्हटलं, "जलालनं तुमचं ऐकून गिरणीच्या कागदाशी स्पर्धा केली. भाव पाडत पाडत हौद कोरडे केले."

नको होतं बोलायला. ते खाली बसले आणि भिंतीच्या घोटलेल्या चुन्याकडं बघत राहिले. ती भिंत दोघा भावांनी मिळून घोटली होती, हे मला ते गेल्यावर आठवलं. तरी माझं म्हणणं खोटं नव्हतं.

१ एप्रिल

आज एकदम तीन गोष्टी. रोजे सुरू झाले असावेत की उद्यापासून, यावर गावात चंद्राचा वाद. सयाजीरावांची जमीन कायद्यानं कुळाची झाली, निदान व्हायला लागली. आणि सरकारचे नवे पैसे आले.

बाजारात नुसता गोंधळ. आण्याचे सहा नवे पैसे, आणि वरचा पाव कुठं गेला ते कुणी सांगेना. भाजीवाली म्हणते सात, गिऱ्हाईक म्हणतं सहा. ठमाबाई तिथंच भेटली. जुन्नरला कशाला आलीस विचारलं तर म्हणाली, "इथला बाजार बघाया. किती दलाल बसत्यात, कुटं बसत्यात." मग नवा पैसा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाली, "ल्हान झाला की पैसा. आन पाट?"

बारीकशी वाट झालीय म्हणतात, छोटी जहाजं जायला लागली, असं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि नवा पैसा कनवटीला लावला.

१२ एप्रिल

कालवा उघडला.

मास्तर स्वतः पोस्टातून चालत घरी आले, उन्हात, टोपी न घालता. दारातूनच म्हणाले, "गाळ निघाला, जैबुन्निसाबाई." मोठी जहाजं जायला लागली. मी रोजा असूनही चूल पेटवून त्यांना चहा करून दिला. ते पिताना म्हणाले, सर्टिफिकेटं घेतली असती तर त्यांना कमिशन मिळालं असतं, पण असो.

मी आत जाऊन रडले. कारण काय ते लिहीत नाही, मला नीट ठाऊक नाही.

२१ एप्रिल

भाव साडेसहा, मग आठ. पेढीच्या तारांवर तारा. सगळ्या व्यापाऱ्यांनी हिवाळ्यात हिरडा घेतलाच नाही, म्हणून आज जुन्नरात माल म्हणजे फक्त माझी खोली. म्हणजे आफ्रिकेची साल काही पुरी पडली नाही. किंवा पडलीही असेल, पण महाग. मास्तरांना विचारायला हवं.

भाईजान मशिदीतून येताना दारात थांबले. "विकून टाक," म्हणाले. म्हटलं, अजून नाही.

२८ एप्रिल

आजचं जसंच्या तसं लिहिते. उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी गेणभाऊ माझ्या खोलीच्या दारात आले, आणि बरोबर त्यांची बायको चिमाबाई. हात पिठाचे, तशीच उठवून आणलेली. गेणभाऊ म्हणाले, "वैनी, तुमाला आमचा हात चालत न्हाई. म्हनून घरचा हात आनलाय. भाव मी हिला सांगतो, ती तुमाला सांगंल. रुमालाखाली. रीत बी राहिली, पडदा बी राहिला."

मला हसू आवरेना. पाच महिने ज्या रुमालानं मला बाहेर ठेवलं, तो आता चालत माझ्या दारात आला होता. बसले. चिमाबाईनं रुमालाखालून बोटं दाबली. तिचा हात भाकरीचा, गरम आणि खरबरीत. तिनं अकरा दाबले, वर अर्धा.

साडेअकरा! दुपटीहून जास्त. दीडशे मणांचे. माझ्या डोक्यात इशरतची मॅट्रिक, तिचं ट्रेनिंग कॉलेज, सगळं एकदम उभं राहिलं.

"फकस्त एक," गेणभाऊ हळूच म्हणाले. "बाजारात बोलू नका. डोंगरातनं आज लई माल उतरलाय. बायका आल्यात साठ-सत्तर, माळ्यावरचा हिरडा घिऊन. त्यास्नी आमी सहानं उचलनार. तुमाला जादा द्याला परवडतंय त्ये त्याच्यापायी."

माळ्यावरचा हिरडा. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. निम्मी पाटी परत नेणारी अडाणी बाई! मी हिवाळाभर तिला कालवा शिकवत होते, आणि तिनं आख्ख्या आहुप्याला शिकवला. मी अकराशे रुपये लावले, तिनं सत्तर चुली लावल्या. राग आला, फसवल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तीच दारात उभी. मागं रस्ताभर पाट्या.

गेणभाऊंनी तिलाही रुमाल दाखवला. ती म्हणाली, "हात कशाला धरतुस? त्वांड न्हाई का?" मग माझ्याकडं वळली. माझा हात अजून चिमाबाईच्या हातात, रुमालाखाली.

"तुला किती म्हनला गं?"

गेणभाऊंनी माझ्याकडं बघून डोळे मिटले आणि उघडले. चिमाबाईनं माझं बोट घट्ट धरलं. गप्प राहा म्हणून की बोल म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

"साडेअकरा," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. मी मुद्दाम केलं असं कुणी समजू नये. मला भाव मोठ्यानं बोलायची सवय लागली आहे, एवढंच.

पुढं काय, बाजारात होतं तसंच झालं. सत्तर बायकांनी साडेअकरा ऐकले आणि सहाला एकीनंही पाटी उतरवली नाही. गेणभाऊ म्हणाले, एवढ्या मालाला साडेअकरा पेढीच काय, कुणीच देणार नाही. हे मात्र खरं होतं. माल कमी तेव्हा भाव वर, माल आला की खाली, याला ते तरी काय करणार. दुपारपर्यंत तोंडानं, उघड्यावर, घासाघीस चालली. शेवटी साडेसातला ठरलं. सगळ्यांचं, माझंही.

३ मे

ईद परवा झाली. शीरखुर्मा घेऊन भाईजानांकडं गेले आणि थैली त्यांच्या पुढ्यात ठेवली. मोजा म्हटलं. बारदान, गाडीभाडं, हमाली जाऊन मुद्दल पूर्ण, आणि वर दोनशेच्या आतबाहेर.

ते म्हणाले, "साडेअकरा मिळत होते म्हणे."

"मिळत होते."

"मग तोंड का उघडलंस?"

"अट मुद्दलाची होती, भाईजान. नफ्याची नव्हती."

त्यांनी थैली जवळ ओढली. मग त्यांनी ती न मोजता माझ्याकडं सरकवली आणि इशरतला हाक मारून विचारलं, पुढच्या वर्षी भूगोल आहे का. ती म्हणाली, आहे. म्हणाले, मग आफ्रिका नीट शीक. एवढंच. मेव्हण्याच्या मुलाचं नाव निघालं नाही.

आज ठमाबाई सोमाजीच्या गाडीत बसून आली होती. इशरतसाठी करवंदं आणली, पानाच्या द्रोणात. जाताना म्हणाली, "औंदा तू शिनोलीला बसू नको. आमीच जुन्नरला येनार, समद्या मिळून. तराजू बी आमचाच आननार."

म्हणजे माझा धंदा गेला. ज्या जागेवर मी एकटी बसले होते तिथं आता सत्तर जणी बसणार, आणि ती जागा मीच त्यांना दाखवली. दोन घटका मी तिच्यावर धुसफुसले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तूच म्हनली व्हतीस, पाट सुटला की पानी समद्यांच्या रानात जातंय."

असं मी कधीच म्हटलेलं नाही. अब्बा म्हणायचे. मी तिला सांगितलं असेन बहुधा.

खोली झाडून घेतली. चुन्याच्या भिंतीला हिरड्याचा पिवळा रंग लागलाय, पुसून जात नाही. आता पुन्हा शोधायला लागायचं, काय स्वस्त आहे आणि कशामुळं. जूनमध्ये इशरतची दहावीची फी भरायची आहे. नव्या पैशांत किती होते ते मास्तरांना विचारणार नाही, मीच काढीन.